जगात जर्मनी, परभणीत मिस्त्री

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आपल्याकडे लग्नाच्या पंगतीपासून प्रचारसभेपर्यंत कुठेही ऐकू येते. अर्थ विचारलात तर दहा जण दहा सांगतील. गेल्या काही वर्षांत तिला अकरावा अर्थ मिळाला आहे आणि तो उन्हाळ्यात जिंतूर रोडला नाहीतर गंगाखेड रोडला कडेला उभा असतो. बॉनेट उघडे, खाली गुलाबी पाण्याचे थारोळे, काचांना काळी फिल्म, पासिंग पुण्याचे आणि शेजारी फोन कानाला लावून घाम पुसणारा आपला परभणीकर.

नव्या छोट्या मारुतीच्या पैशात बारा-पंधरा वर्षांची ऑडी, मर्सिडीज किंवा बीएमडब्ल्यू मिळते. त्याहून कमी पैशात फोक्सवागनची पोलो, व्हेंटो मिळते. पुण्या-मुंबईत पहिल्या मालकाने हौस भागवली की गाडी आपल्याकडे येते. ती घेणाऱ्याला वेड्यात काढण्याची रीत आहे. 'घेताना हत्ती, पोसताना ऐरावत' असे टोमणे मारले जातात. ते पूर्ण खरे नाहीत, पूर्ण खोटेही नाहीत. म्हणून हा प्रश्न हौसेवर न सोडता दोन्ही बाजूंनी तोलून बघायला हवा.

एक गोष्ट आपण सोयीस्कर विसरतो. जुन्या जर्मन गाड्या परभणीला नव्या नाहीत. मराठीतला 'टेम्पो' हा शब्दच मुळात एका जर्मन कंपनीचे नाव आहे. त्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने १९५८ साली बजाज टेम्पो उभी राहिली, पुढे तिची मॅटाडोर आली, मग ट्रॅक्स. जिंतूर, सेलू, पालमच्या फाट्यांवर माणसे कोंबून धावणाऱ्या काळी-पिवळी ट्रॅक्सच्या बॉनेटखाली कित्येक वर्षे जे २.४ लिटरचे डिझेल इंजिन होते, ते मर्सिडीजच्या ओएम ६१६ चे परवान्याखाली बनवलेले रूप. हेच इंजिन १९७३ पासून जर्मनीत मर्सिडीज २४० डी या मोटारीत बसत होते. त्याआधी १९५४ ते १९६९ टेल्कोचे ट्रक डाइमलर-बेंझच्या सहकार्याने बनत आणि त्यांच्या तोंडावर तीन टोकांचा तारा असे. म्हणजे ज्या मर्सिडीजचे आज अप्रूप आहे, तिच्या इंजिनावर आपले वडील मोंढ्यात कापूस नेत होते आणि आई माहेरी जात होती.

ती यंत्रे इथे टिकली. ऊन तेच होते, माती तीच होती, रस्ते तर आजच्याहून वाईट होते. टिकण्याचे कारण असे की त्या इंजिनात जे काही होते ते डोळ्यांनी दिसत होते आणि पान्याने उघडत होते. मिस्त्रीने एकदा खोलले की त्याला ते कायमचे कळत असे, आणि त्याच्या हाताखालच्या पोराला त्याच्याकडून. पंप, नोझल, गॅस्केट, पिस्टन सगळे नांदेडला, फार तर औरंगाबादेत मिळे. जर्मन यंत्राला परभणीचा गुरू मिळाला होता.

आजच्या जुन्या जर्मन गाडीचे दुखणे नेमके याच ठिकाणी आहे. तिच्यातले निम्मे ज्ञान लॅपटॉपमध्ये असते. दिवा लागला की तो का लागला हे सांगायला स्कॅनर लागतो, आणि साधा स्कॅनर अर्धवट सांगतो. गंमत बघा, यातल्या कित्येक गाड्या आपल्या शेजारीच जुळल्या. औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात २००१ पासून स्कोडा ऑक्टाव्हिया जुळू लागली, पुढे तिथेच ऑडी आणि फोक्सवागनच्या पसाट, जेटा. (स्कोडा चेक, पण इंजिन-गिअरबॉक्सचे घराणे जर्मन, म्हणून तिला या पंगतीत बसवतो.) पोलो आणि व्हेंटो चाकणच्या. शेंद्रा इथून दोनशे किलोमीटरच्या आत आहे. गाडी जन्मली दोनशे किलोमीटरवर, पण तिच्या कॉम्प्युटरशी बोलायला परभणीत माणूस मिळेलच असे नाही.

आता तराजू हातात घेऊ. जुनी जर्मन गाडी ठेवण्याच्या बाजूने बरेच आहे. पत्रा जाड आणि गंजाला दाद न देणारा. दरवाजा लावला की लागतो. नगर-नांदेड महामार्गावर शंभरच्या वेगाला समोरून ट्रक गेला तरी गाडी हलत नाही. बारा वर्षांच्या गाडीतही एअरबॅग आणि एबीएस सापडतात. त्याच काळातल्या अनेक स्वस्त नव्या गाड्यांत ती नव्हती. डिझेल व्हेंटो किंवा ऑक्टाव्हिया महामार्गाला जे ॲव्हरेज देते त्यावर शेतकरी माणूसही खूश होतो. शिवाय चालती गाडी भंगारात घालून नवी घेणे म्हणजे लोखंड, प्लास्टिक आणि कर्ज तिन्ही नव्याने विकत घेणे.

विरुद्ध बाजूला एकच मुद्दा आहे, पण तो जड आहे. गाडी स्वस्त मिळाली तरी तिचे पार्ट स्वस्त होत नाहीत. पन्नास लाखांची गाडी पाच लाखांना आली, तरी तिचे हेडलाईट, एअर सस्पेन्शन आणि गिअरबॉक्स पन्नास लाखांच्या गाडीचेच राहतात. हे ज्याने घेताना मनात धरले नाही, त्याची गाडी दुसऱ्या दिवाळीला ताडपत्रीखाली जाते. तिथे उंदीर वायरिंग खातात. सोयाबीन घरात आले की उंदरांना गाडीचे ऊबदार इंजिन फार आवडते.

उन्हाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण परभणीत जुन्या जर्मन गाडीचे भवितव्य तिथेच ठरते. मे महिन्यात आपला पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो. यावर लोक म्हणतात, गाडी थंड देशातली, तिला आपले ऊन सोसत नाही. हे बरोबर नाही. या कंपन्या गाडी विकण्याआधी वाळवंटातही पळवतात. नवी पोलो परभणीच्या मे महिन्यात आरामात चालत होती. सोसत नाही ते दहा-बारा वर्षांच्या प्लास्टिकला. थर्मोस्टॅटचे घर, कूलंटची टाकी, होजची टोके, पाण्याच्या पंपाची पाती हे सगळे बऱ्याच मॉडेलांत प्लास्टिकचे. उष्णतेने ते बिस्किटासारखे होते आणि एक दिवस नेमके गाव मागे आणि शहर पुढे असताना चिरते.

माझ्या भाच्याने २०१२ ची डिझेल व्हेंटो पुण्याहून आणली. पहिल्याच उन्हाळ्यात गंगाखेडला जाताना सुई वर चढली. रस्त्यावरच्या एका गॅरेजात कूलंट कमी आहे म्हणून बोअरचे पाणी ओतून दिले, आणि पोरगा खूश की पैसे घेतले नाहीत. दोन महिन्यांनी रेडिएटर उघडला तेव्हा आत माठाच्या तळाला बसतो तसा पांढरा थर होता. आपले बोअरचे पाणी जड. माणसाच्या मुतखड्याला कारण ठरते असे आपण म्हणतो, मग रेडिएटर तर बारीक नळ्यांचाच बनलेला. फोक्सवागन गटाच्या गाडीत जे गुलाबी-जांभळे कूलंट लागते ते डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळायचे, आणि हिरव्या कूलंटशी त्याची भेसळ करायची नाही. अडीअडचणीला पाणी ओतावेच लागले तर ओता, गाडी जळण्यापेक्षा ते बरे. पण घरी आल्यावर सगळे काढून धुऊन नव्याने भरा. दहा वर्षे पार केलेल्या गाडीचा थर्मोस्टॅट, टाकी, होज आणि पंप उन्हाळ्याआधी एकदाच बदलून घेतले की पुढची पाच-सहा वर्षे झोप लागते. हा खर्च अलॉय व्हीलपेक्षा कमी आहे. दिसत नाही, एवढाच त्याचा दोष.

दुसरी गोष्ट काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्या अंगावर टाकलेला डांबरी रस्ता वर्षभरात लाटेसारखा होतो. कडक सस्पेन्शनच्या जर्मन गाडीला या लाटा आवडत नाहीत. बुश, लिंक रॉड, माउंटिंग ही रबराची मंडळी लवकर जातात. ती गेली की गाडी खडखडते आणि मालक म्हणतो, 'गाडी म्हातारी झाली.' म्हातारे रबर झालेले असते. याच गाड्यांचे ऑईलचे ॲल्युमिनिअमचे चेंबर खाली लोंबते. गावातल्या बिनरंगाच्या स्पीडब्रेकरने ते फुटले आणि ऑईलचा दिवा दुर्लक्षून मालकाने पुढच्या फाट्यापर्यंत गाडी नेली, तर इंजिन संपले. लाल दिवा लागला की तिथल्या तिथे बंद करा. घरी लग्न असले तरी.

ऑईलचे तर अज्ञानच फार. 'ऑईल ते ऑईल' हे ट्रॅक्सच्या काळात चालून गेले. स्कोडा लॉरा आणि सुरुवातीच्या जेटाच्या १.९ टीडीआय इंजिनात प्रत्येक इंजेक्टरचा दाब कॅमशाफ्टच देतो, त्याला ५०५.०१ हा शिक्का असलेलेच ऑईल लागते, नाहीतर कॅम झिजतो. डब्यावर हा आकडा वाचायला मिस्त्रीला वेळ नसेल तर मालकाने वाचावा. तसाच टायमिंग बेल्ट. पोलो-व्हेंटोच्या डिझेल इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला भिडतात आणि आठ-दहा हजारांचे काम लाखाकडे जाते. सेकंडहँड घेताना बेल्ट, टेन्शनर, पाण्याचा पंप बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असेच धरावे. विकणाऱ्याच्या शपथेवर जाऊ नये.

ऑटोमॅटिकबद्दल माझे मत ठाम आहे. पोलो जीटी टीएसआय, काही व्हेंटो आणि ऑक्टाव्हियात येणारा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी चालवायला लोण्यासारखा. पण उष्णता आणि गर्दी त्याला मानवत नाही. २०१३ साली चीनमध्ये डीएसजीच्या तक्रारींमुळे फोक्सवागनला पावणेचार लाखांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. पुण्यात, जिथे तो उघडून दुरुस्त करणारी माणसे आहेत, तिथे तो ठेवणे एक वेळ ठीक. परभणीत जुना आणि बिनइतिहासाचा कोरडा डीएसजी घेऊ नये. दोन पैसे जास्त देऊन हाताच्या गिअरची गाडी घ्यावी.

मग दुरुस्ती कुठे करायची, कंपनीत की मिस्त्रीकडे? इथे दोन्हीकडे खरे आहे. कंपनीच्या वर्कशॉपात यंत्र बरोबर, पार्ट ओरिजिनल, पण पंधरा वर्षांच्या गाडीत त्यांना रस नसतो. बुश गेला तर अख्खा आर्म बदलतात आणि बिल पाहून मालक गाडीच विकतो. मिस्त्री बुश दाबून बसवून देतो. पण तोच मिस्त्री दिव्याचे कारण शोधण्याऐवजी दिवा पुसून देतो आणि सेन्सरची वायर सरळ जोडून टाकतो. माझा अनुभव असा की निदान आणि टायमिंगची कामे जिथे कंपनीचा स्कॅनर आहे तिथे, वर्षातून एकदा, ठरवून करावीत. बाकी सस्पेन्शन, ब्रेक, एसी, डेंटिंग परभणीतच. आपल्याकडचे काही तरुण मिस्त्री आता स्वतः स्कॅनर घेऊन मोबाईलवर जर्मन गाड्यांचे व्हिडिओ बघत शिकताहेत. अशा माणसाला चार मालकांनी मिळून काम दिले तर तो तयार होतो. ट्रॅक्सचा उस्तादही असाच तयार झाला होता. फुकटात, गाडी खोलू देऊन.

आता हौस. गाडी सजवणे यात गैर काही नाही. बैलाच्या शिंगांना रंग देणारी माणसे आपण. प्रश्न एवढाच की कोणत्या हौसेला कायदा आणि रस्ता दोन्ही हसत नाहीत. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की आरसी बुकात नोंदवलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालणार नाही असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी २०१२ पासून. समोरच्या लोखंडी क्रॅश गार्डविरुद्ध केंद्राने २०१७ च्या डिसेंबरात राज्यांना लिहिले. फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरचे समर्थन करायला माझ्याकडे शब्द नाहीत. पहाटे चारला दूध काढायला उठणाऱ्या माणसाला रात्री बाराला उठवणे ही हौस नव्हे.

फिल्म मागणाऱ्याची बाजूही ऐकायला हवी. चव्वेचाळीस अंशांत गाडीत लेकरू बसवताना फिल्म लावावीशी वाटणे स्वाभाविक आहे, आणि ज्यांनी नियम केले ते बहुतेक सावलीत बसले होते. तरी गाडीत कोण आहे हे बाहेरून दिसावे, यामागे बायकांच्या आणि रस्त्याच्या सुरक्षेचा विचार आहे. उन्हाला उत्तर म्हणून गाडी उभी असताना झाकण किंवा आतून काढता येणारा पडदा आणि चालताना गॅस व्यवस्थित भरलेला एसी पुरतो.

गाडी खाली बसवणे, स्प्रिंग कापणे आणि टायर बारीक करणे ही जर्मन हौस जर्मन रस्त्यासाठी आहे. वसमत रोडला ती रिम वाकवण्याची हमी देते. परभणीत करण्याजोगे फेरफार नेमके उलट दिशेचे आहेत. कंपनीच्याच मापातला जाड बाजूचा टायर, चेंबरखाली पत्रा, हेडलाईटची पिवळी पडलेली काच पॉलिश करून मूळ दिवा उजळवणे, ब्रेकला चांगले पॅड, एअर फिल्टर ठरलेल्याच्या निम्म्या अंतरावर बदलणे. गाडी परत जशी होती तशी करता येईल इतकाच बदल करावा. विकताना तोच पैसे मिळवून देतो.

सर्वांत अवघड वाद धुराचा आहे. 'ईजीआर बंद करा, रिमॅप करा, गाडी पळेल' असा सल्ला सर्रास मिळतो. ईजीआर म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणारी झडप. गाडी पळते, हेही खरे. काजळी इंजिनात कमी जाते, हेही खरे. पण नायट्रोजन ऑक्साईडचा विषारी धूर वाढतो. तो कुठे जातो? शाळेच्या फाटकासमोरच्या हवेत. याच फोक्सवागनच्या डिझेल इंजिनांनी चाचणीत एक आणि रस्त्यावर दुसरे वागून जगाला फसवल्याचे २०१५ साली उघड झाले. भारतातल्या ३ लाख २३ हजारांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी बोलवाव्या लागल्या. कंपनीने केलेल्या लबाडीवर आपण संतापलो आणि तीच लबाडी गॅरेजात पैसे देऊन करून घेतो, हे बसत नाही. ईजीआर काढून साफ करून घ्यावा. दोन तासांचे काम आहे.

पेट्रोलवाल्यांना वेगळी काळजी. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ऊस आपला, त्यामुळे शेतकरी म्हणून त्याचे स्वागत आणि गाडीवाला म्हणून कपाळावर आठी, अशी आपली दुहेरी अवस्था. २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नाहीत. घाबरून जाण्याचे कारण नाही, पण इंधनाचे जुने रबरी होज तपासून बदलावेत आणि अशा पेट्रोलने भरलेली टाकी महिनोन्महिने उभी ठेवू नये. इथेनॉल पाणी ओढते.

कागदांचे थोडक्यात. पंधरा वर्षे झाली की खासगी गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी नव्याने करावी लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारीला त्याचे शुल्क ५,००० रुपये झाले आणि २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील गाडीला १०,०००. महाराष्ट्रात वर पर्यावरण कर. दिल्लीत गाडीच्या वयावरून घातली गेली तशी बंदी आपल्याकडे नाही. पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी २०२१ पासून मिळते, पण ती रोज वापरता येत नाही. आपल्या पोलोला त्यासाठी २०६० उजाडावे लागेल.

एवढे तोलल्यावर माझा कौल असा. ज्याच्या गाडीला हाताचा गिअर आहे, पावत्या आहेत आणि जो गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा पहिल्याच वर्षी न दिसणाऱ्या कामावर घालू शकतो, त्याने ती ठेवावी. ज्याच्याजवळ हप्ताच कसाबसा भरण्याइतके पैसे आहेत आणि जिच्या दरवाजाला रिमोट तीन वेळा दाबावा लागतो अशी एअर सस्पेन्शनची मोठी गाडी दारात उभी आहे, त्याने ती चालत आहे तोवर विकावी. बंद पडल्यावर तिला फक्त भंगाराचा भाव मिळतो.

भाच्याची व्हेंटो अजून आमच्या दारात आहे. काळी फिल्म उतरवली, चेंबरखाली पत्रा बसवला, सायलेन्सर कंपनीचाच. २०२७ मध्ये तिला पंधरा वर्षे पूर्ण होतील. पुढचा बेल्ट एक लाख ऐंशी हजारावर बदलायचा आहे, आणि तो आकडा पाथरी रोडच्या मिस्त्रीने त्याच्या वहीत पेनाने लिहून ठेवला आहे.